पहिला थेंब उशिरा का विरतो

बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली असं सांगितलं की आमच्याकडं समोरचा माणूस दोनच प्रश्न विचारतो. एमआयडीसीत लागणार का साखर कारखान्याच्या लॅबमध्ये? आणि मेडिकलला नंबर लागला नाही वाटतं? हा विषय कुणी आवडीनं घेतला असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसले तेव्हा कळलं की ते आमच्यातल्या बहुतेकांच्याही डोक्यात नव्हतं. नीटमध्ये राहिलेले, बी.एड. करून शिक्षक व्हायचं ठरवलेले, एमपीएससीसाठी कुठलीतरी पदवी हवी म्हणून आलेले, आणि घरापासून लांब पाठवायचं नाही म्हणून जवळच्या कॉलेजात घातलेल्या आम्ही मुली. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. बारावीपर्यंत रसायनशास्त्र म्हणजे मार्क मिळवून देणारा विषय होता. फिजिक्सला घाबरायचं, मॅथ्सला रडायचं आणि केमिस्ट्री पाठ करायची, अशी विभागणी ठरलेली.

तीच विभागणी पदवीला अंगाशी येते. फिजिक्समध्ये गणित सुटलं नाही तर सुटलं नाही हे लगेच कळतं. केमिस्ट्रीत सगळं आलंय असं वाटत राहतं आणि प्रश्न जरा फिरवून आला की पायाखालची जमीन सरकते. आमच्या वर्गातल्या हुशार मुलींनाही ही धास्ती होती. हायब्रिडायझेशनचे, म्हणजे अणूच्या ऑर्बिटल मिसळून नव्या सारख्या ऑर्बिटल होतात त्या कल्पनेचे, तक्ते तोंडपाठ, मिथेनमध्ये कार्बन एसपीथ्री, इथिलीनमध्ये एसपीटू, कोन किती ते अंशासकट. पण हे सगळं कशासाठी मानायचं, कुठली गोष्ट आधीच्या हिशेबात बसत नव्हती म्हणून ही कल्पना काढावी लागली, हे कुणी सांगितलं नाही. फळ्यावर वाक्य यायचं की कार्बनचं हायब्रिडायझेशन होतं, आणि आम्ही ते वहीत उतरवायचो. मिथेनचे चारही बंध सारखे असतात हे आधी प्रयोगातून माहीत झालं होतं आणि कार्बनच्या ऑर्बिटलच्या चित्रातून चार सारखे बंध निघत नव्हते, ही अडचण मला पहिल्यांदा कळली ती एम.एस्सी.ला. एवढं एक वाक्य आधी मिळालं असतं तर तो धडा पाठ करावा लागला नसता.

शिकवणाऱ्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. विभागात मंजूर जागा होत्या त्यांपैकी निम्म्याशिम्म्या रिकाम्या होत्या. जे पूर्णवेळ होते त्यांच्याकडं परीक्षा विभाग, नॅकच्या फायली, प्रवेश, एनएसएस. उरलेले तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही, आणि मिळणारे तेही कधी कधी वर्ष संपल्यावर. सिलॅबस मात्र सगळ्यांना सेमिस्टरच्या आत संपवायचा असायचा. मग डिक्टेशन. सर सांगणार, आम्ही लिहिणार, शेवटच्या आठवड्यात आयएमपी प्रश्न. मागच्या पाच वर्षांचे पेपर काढले की पुढचा पेपर कळायचा, त्यामुळं नोट्सच्या बाहेर पाहायची गरजही पडायची नाही. हात वर करून प्रश्न विचारणं म्हणजे तास लांबवणं, असं मागच्या बाकावरच्यांचं मत होतं आणि पुढच्या बाकावरच्यांना आपलं अज्ञान उघडं पडायची भीती होती. दोन्हीकडून वर्ग गप्प.

प्रॅक्टिकलचं दुखणं वेगळं. केमिस्ट्रीचा जीव तिथं असतो असं सगळेच म्हणतात. आमच्या लॅबमध्ये ब्युरेटचे, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडायच्या मोजनळीचे, कॉक गळायचे, व्हॅसलीन लावून काम चालवायचं. एक्झॉस्ट फॅन एकच आणि तो दुसऱ्या टोकाला, त्यामुळं किप्स अॅपरेटस उघडलं की हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास कपड्यात घेऊनच एसटीत बसावं लागायचं. सॉल्ट ॲनालिसिसला कुणाच्या बाटलीत काय आहे हे लॅब असिस्टंटच्या हावभावावरून ओळखायची कला सीनियर शिकवून जायचे. टायट्रेशनचं रीडिंग किती यायला हवं तेही मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असायचं. तीन रीडिंगपैकी दोन सारखी आली की कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग मिळालं, गणित मांडलं, सही घेतली, बॅच सुटली. सर्टिफाइड जर्नल असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणून वर्षाच्या शेवटी सगळ्यांचा जीव जर्नलमध्ये. चार तास उभं राहून काय पाहिलं हे त्या जर्नलमध्ये कुठंच लिहायचं नसतं. एम, ॲपरेटस, केमिकल्स, ऑब्झर्व्हेशन टेबल, रिझल्ट. दिसलेल्या गोष्टीला त्यात रकाना नाही.

दुसऱ्या वर्षी एक नवे सर आले, तासिका तत्त्वावरच. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पहिल्याच बॅचला ऑक्झॅलिक ॲसिड विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट होतं. बारावीला केलेलाच प्रयोग, सगळ्यांना वाटलं लवकर सुटू. कॉनिकलमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक, साठ-सत्तर अंशापर्यंत गरम, आणि ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट. सरांनी सांगितलं, आज रीडिंग नंतर घ्या, आधी नुसता पहिला थेंब टाका आणि हातातला फ्लास्क हलवत उभे राहा.

थेंब पडला. फ्लास्कभर गुलाबी रंग पसरला आणि तसाच राहिला. एंड पॉइंट, म्हणजे रिॲक्शन पुरी झाल्याची खूण, आला की काय असं वाटण्याइतका वेळ राहिला. मग हळूहळू फिका होत विरला. दुसरा थेंब जरा लवकर विरला. पाचव्या-सहाव्यापासून थेंब पाण्याला टेकतोय तोवर रंग गायब. हे आम्ही बारावीपासून बघत होतो. प्रत्येकानं बघितलं होतं. आणि एकानंही विचारलं नव्हतं की ऑक्झॅलिक ॲसिड सगळ्यात जास्त तर सुरुवातीला असतं, मग सुरुवातीलाच रिॲक्शन सावकाश का?

सरांनी विचारलं तेव्हा उत्तरं यायला लागली. कुणी म्हणालं गरम कमी झालं असेल. कुणी म्हणालं नीट हलवलं नसेल. सर एवढंच म्हणाले, "असेल. कसं तपासाल?" माझ्या बॅचमेटनं दुसरा फ्लास्क जास्त गरम करून पाहिला, पहिला थेंब तरी रेंगाळलाच. हलवून हलवून हात दुखला, फरक नाही. मग सरांनी कपाटातून मँगनस सल्फेटची बाटली काढली आणि नव्या फ्लास्कमध्ये परमँगनेट टाकायच्या आधी चिमूटभर घालायला सांगितलं. पहिला थेंब पडला आणि पडल्या पडल्या नाहीसा झाला.

लॅबमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. परमँगनेटचं रूपांतर होऊन मँगनीजचे जे आयन तयार होतात तेच पुढच्या रिॲक्शनचा वेग वाढवतात. सुरुवातीला ते नसतात, म्हणून पहिल्या थेंबाला उशीर. ऑटोकॅटॅलिसिस हा शब्द आमच्या नोट्समध्ये व्याख्येसकट होता, दोन मार्कांना विचारलाही जायचा. तो शब्द आणि हातातला फ्लास्क एकमेकांचे आहेत हे त्या दिवशी समजलं. मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला, तोही अजून आठवतो. ही चिमूटभर पावडर कपाटात कायमच होती. खर्च नाही, जास्त वेळ नाही, सिलॅबसच्या बाहेरचं काही नाही.

सरांचा दुसरा प्रश्न वर्गातला. उकळत्या पाण्यात बुडबुडे येतात, त्यांच्या आत काय असतं? पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग, सगळे बारावी सायन्स पास. बऱ्याच जणांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन सांगितलं, काहींनी हवा. वाफ, म्हणजे पाण्याचेच रेणू, असं म्हणणारे थोडे निघाले आणि तेही दबकत. सर हसले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी विचारलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन असते तर गॅसच्या शेगडीजवळ चहाचं आधण ठेवल्यावर काय झालं असतं? मग फळ्यावर रेणू काढायला लावले, उकळण्याआधीचे आणि नंतरचे. कुणी वाफेचे रेणू फुगलेले काढले, कुणी तुटलेले. आमच्या मनात काय चित्र आहे हे आम्हालाही तोवर माहीत नव्हतं. समीकरण तर सगळ्यांनाच लिहिता येत होतं.

आमच्या वर्गातली पहिली येणारी मैत्रीण मात्र अस्वस्थ होती. एकदा तिनं तासाला उभं राहून विचारलं, "सर, हे पेपरला येणार आहे का?" मागून हशा झाला. मला तेव्हाही हसू आलं नाही. तिच्या घरी दोन एकर कोरडवाहू, धाकटे भाऊ, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी लागणारे मार्क हीच तिची एकमेव वाट. पेपर जर व्याख्या आणि समीकरणं विचारणार असेल तर तिनं बुडबुड्यांवर तास का घालवावा? सरांनी तिला खरं सांगितलं की थेट येणार नाही. आणि त्या दिवसापासून तासाची शेवटची दहा मिनिटं पेपरच्या प्रश्नांना द्यायला लागले. विद्यार्थी घोकतात, त्यांना समजून घ्यायचं नसतं, असं स्टाफरूममध्ये म्हटलं जातं ते मी पुढं पुष्कळ ऐकलं. परीक्षा काय मागते हे विद्यार्थ्यांना नेमकं कळतं आणि ते तेवढं देतात, मला यात त्यांचा दोष दिसत नाही.

त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट अजून राहिलीच. फिजिकलच्या प्रॅक्टिकलमध्ये साखरेचं इन्व्हर्शन होतं. पोलॅरिमीटर धूळ झटकून काढला. सोडियमचा दिवा लावला की आधी तांबूस दिसतो, तापून पिवळाजर्द व्हायला वेळ लागतो. नळीत साखरेचं द्रावण भरून डोळा लावायचा, समोरच्या वर्तुळाचे भाग सारखे दिसेपर्यंत चकती फिरवायची आणि कोन वाचायचा. साखर ध्रुवीकृत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचं प्रतल उजवीकडं फिरवते. मग त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं आणि ठरावीक वेळानं कोन वाचत राहायचं. कोन उतरत जातो. सुक्रोज तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. सुक्रोजचं विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश, ग्लुकोजचं अधिक ५२.७, पण फ्रुक्टोजचं उणे ९२ च्या आसपास, म्हणून पूर्ण तुटलेलं मिश्रण प्रकाश डावीकडं फिरवतं. काही द्रावण आम्ही वॉटर बाथवर ठेवून रिॲक्शन पुरी केली, थंड करून पाहिलं तर चकती शून्याच्या पलीकडं न्यावी लागली. जर्मनीतल्या लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये हाच प्रयोग करून रिॲक्शनचा वेग पहिल्यांदा समीकरणात मांडला, हे सरांनी आम्ही रीडिंग घेत असतानाच सांगितलं. ज्या विषयाचं मला रुक्ष आलेखांखेरीज काही आठवायचं नाही त्या कायनेटिक्सची, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाच्या अभ्यासाची, सुरुवात साखरेपासून झाली होती.

आणि आमचं तर घरच उसाचं. त्या रात्री जेवताना मी आप्पांना सांगितलं की साखर ॲसिडमध्ये कशी मोडते ते आज बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला तर उतारा जातो, हे आम्हाला कवापास्नं म्हाईत हाय. तुमच्यात त्याला काय म्हणत्यात?"

उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. मी सरांना दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी सांगितलं की उसात ते काम मुख्यतः एन्झाइम आणि जिवाणू करतात, लॅबमधल्यासारखं नुसतं ॲसिड नाही, पण साखर मोडते ती तशीच. जळीत उसाला कारखाने दर का कापतात, ऊस तोडल्यावर चोवीस तासांत गाळपाला का जावा, यार्डात गाड्या उभ्या राहिल्या की शेतकऱ्यांचा जीव का वरखाली होतो, या सगळ्याच्या मुळाशी आमच्या जर्नलमधला तो प्रयोग होता. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर, १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर ठरते आणि त्यावरच्या उताऱ्याला वाढीव पैसे असतात, म्हणजे साखर मोडण्याचा वेग थेट आमच्या बिलात उतरतो. सरांनी ओळखीनं एका कारखान्याची लॅब दाखवली. तिथं रसात लेड सबॲसिटेट घालून, गाळून, नळीत भरून पोल, म्हणजे पोलॅरिमीटरवर मोजलेलं साखरेचं प्रमाण, काढत होते. आमच्याच गावचा एक दादा, बी.एस्सी. झालेला, शिफ्टमध्ये तेच करत होता. त्यानं रसाचा पीएच सातच्या जवळ का राखावा लागतो ते दाखवलं, चुना कमी पडून रस आंबट राहिला तर गरम रसात साखर तुटते आणि मळीत जाते. पुस्तकातलं सगळं तो बोलत होता, पुस्तकाचं नाव न घेता.

घरी येऊन आप्पांना पोल आणि ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण पदार्थांचं प्रमाण, समजावून सांगितलं. तीन वर्षांत मी शिकते ते त्यांना सांगावंसं वाटलं असा तो पहिला प्रसंग, आणि त्यांनी मधेच थांबवून प्रश्न विचारले, असाही.

पुढच्या वर्षी ते सर आमच्या कॉलेजात नव्हते. नेमणूक वर्षापुरतीच होती, नव्यानं मुलाखती झाल्या, दुसरं कुणी आलं. आम्ही प्राचार्यांना भेटलो, अर्ज दिला. त्यांनी सहानुभूतीनं ऐकलं, पण त्यांच्याही हातात फारसं नव्हतं. तिसऱ्या वर्षी ऑरगॅनिकला एक मॅडम चांगल्या मिळाल्या. नावाच्या रिॲक्शन, आल्डॉल, कॅनिझारो, क्लेझन, एरवी प्रत्येकीचं वेगळं पाठांतर असतं. मॅडम आधी रेणूत इलेक्ट्रॉन कुठं जास्त आणि कुठं कमी हे खुणेनं दाखवायला लावायच्या, बाण त्यानंतर. बाकी तिसरं वर्ष पुन्हा पेपर, जर्नल, एक्स्टर्नल. व्हायव्हाला एक्स्टर्नलनं विचारलं, परमँगनेटच्या टायट्रेशनला इंडिकेटर कोणता? सेल्फ इंडिकेटर, म्हटलं. नेक्स्ट. पहिल्या थेंबाबद्दल त्यांनी विचारावं म्हणून मी मनात फार वाट पाहिली.

एम.एस्सी.नंतर सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झाले आणि आता मीही तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मध्यंतरी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एका कार्यशाळेला जायला मिळालं. तिथं ग्लासगो विद्यापीठातल्या ॲलेक्स जॉनस्टन यांच्या १९९१ च्या मांडणीची ओळख झाली. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं, असं ते म्हणतात. डोळ्यांना दिसतं ते, न दिसणारे अणू-रेणू आणि कागदावरची चिन्हं. शिकवणारा या तिन्हींत सहज ये-जा करतो, नवख्या विद्यार्थ्यावर तिन्ही एकदम आदळतात आणि त्याला ती डोक्यात एकत्र धरता येत नाहीत. मला आमचा वर्ग आठवला. आम्हाला तर चिन्हांच्या पातळीवरच बसवून ठेवलं होतं. दिसणारं लॅबमध्ये वेगळं पडलेलं, रेणू कुणी काढायलाच सांगितले नव्हते.

माझ्या वर्गातली मुलं आमच्यासारखीच आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानं विषयांची रचना बदलली, क्रेडिट आले, पेपरांची नावं बदलली. धास्ती तीच आहे. पहिल्या आठवड्यात मी त्यांना कोऱ्या कागदावर नाव न घालता लिहायला सांगते की केमिस्ट्री म्हटलं की काय वाटतं. 'समजल्यासारखं वाटतं पण समजलेलं नसतं' हे जवळजवळ प्रत्येक वर्षी कुणीतरी लिहितंच. 'विचारलं तर सगळे हसतील' हेही. एका मुलीनं लिहिलं होतं, लॅबमध्ये काहीतरी फोडीन आणि पैसे भरावे लागतील याची भीती वाटते. या भीतीचा विचार मी विद्यार्थिनी असूनही कधी केला नव्हता. आता फुटलेल्या टेस्ट ट्यूबचे पैसे मी मुलांकडून घेत नाही, विभागप्रमुखांनीही ते मान्य केलंय.

सिलॅबस मला बदलता येत नाही, पेपरही मी काढत नाही. जर्नलमध्ये मात्र ऑब्झर्व्हेशन टेबलच्या आधी अर्धं पान मोकळं सोडायला लावते. काय दिसलं आणि त्यातलं काय समजलं नाही, एवढं तिथं लिहायचं. त्या अर्ध्या पानावर काही नसेल तर रीडिंग कितीही बरोबर असलं तरी सही देत नाही. पहिल्यांदा मुलं वैतागतात, मग लिहायला लागतात. मागच्या सेमिस्टरला एकानं लिहिलं की कॉनिकल धुऊन त्यात थोडं पाणी राहिलं तर चालतं, पण ब्युरेट मात्र त्याच द्रावणानं खळबळून घ्या म्हणता, असं का? पुढच्या बॅचला आम्ही ब्युरेटमध्ये मुद्दाम पाणी ठेवून रीडिंग घेतलं. ते किती वाढतं हे त्यानंच मोजलं आणि बाकीच्यांना समजावून सांगितलं.